कॅमशाफ्ट सेन्सरचा बिघाड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाड्यांचं वायरिंग आणि सेन्सर हेच माझं काम. साताऱ्यात बसून जावळी, कोरेगाव, वाई, पाटण अशा सगळ्या बाजूंच्या गाड्या बघतो. "कॅम सेन्सर नवीन टाकला तरी लाइट परत लागतोय" ही तक्रार इतक्या वेळा ऐकली आहे, की फोनवर तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावं असं वाटलं. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढची बरीचशी उत्तरं तिच्यावरच उभी आहेत: स्कॅनरवर (गाडीला जोडून बिघाडाचा कोड वाचायच्या यंत्रावर) सेन्सरचं नाव आलं म्हणजे सेन्सर गेला असं होत नाही.

हा सेन्सर नेमकं करतो काय? क्रँक सेन्सर असताना हा वेगळा कशाला?

क्रँकशाफ्ट म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, कॅमशाफ्ट म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा. चार स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा होतो. पिस्टन वर आला, हे क्रँक सेन्सर सांगतो. पण तो कॉम्प्रेशन करून वर आलाय की जळलेला धूर बाहेर ढकलत वर आलाय, हे एकट्या क्रँकवरून ओळखता येत नाही, कारण दोन्ही वेळी क्रँक त्याच जागी असतो. फरक फक्त कॅमशाफ्टच्या स्थितीत असतो, आणि तो कॅम सेन्सर सांगतो. दोन्ही सिग्नल जुळले की ईसीएमला (इंजिन चालवणाऱ्या छोट्या संगणकाला) कळतं, आता एक नंबरचा इंजेक्टर उघडायचा की चार नंबरचा, ठिणगी कुठे द्यायची. ज्या इंजिनात व्हॉल्व्हचं टायमिंग चालत्या गाडीत पुढेमागे होतं, तिथे ते खरंच सांगितल्याप्रमाणे सरकलं का, हेसुद्धा याच सेन्सरवरून तपासलं जातं.

सेन्सर दिसायला अंगठ्याएवढा. बहुतेक गाड्यांत तो सिलिंडर हेडच्या टोकाला किंवा टॅपेट कव्हरजवळ एकाच बोल्टवर बसवलेला असतो. तीन वायरींचा असेल तर बहुधा हॉल इफेक्टचा (आत चुंबकीय बदल ओळखणारं छोटं सर्किट असलेला), दोन वायरींचा असेल तर आत तारेची गुंडाळी असलेला. दोघांची तपासणी वेगळी, ती पुढे सांगितली आहे.

बिघाड झाला की गाडी काय लक्षणं दाखवते?

सेल्फ बराच वेळ मारावा लागतो, एरवी दोन सेकंदांत उठणारी गाडी आठ-दहा सेकंद घेते. इंजिनचा पिवळा लाइट लागतो. पिकअप मरतो, गाडी ठरावीक आरपीएमच्या वर जात नाही, मध्येच झटका देते. कधी चालता चालता बंद पडते. मायलेजही उतरतं, पण त्यावरून हा बिघाड ओळखायला जाऊ नका. मायलेज उतरायला दहा कारणं असतात.

सगळ्या गाड्या सारख्या वागत नाहीत. बऱ्याच पेट्रोल गाड्या कॅमचा सिग्नल नसला तरी क्रँकवरून अंदाज बांधून उशिरा का होईना सुरू होतात. कॉमन रेल डिझेलमध्ये मात्र काही इंजिनं कॅम आणि क्रँकचा मेळ बसल्याशिवाय इंजेक्टरच उघडत नाहीत. सेल्फ कितीही मारा, ती उठणार नाहीत.

एक खूण लक्षात ठेवा. सेल्फ मारताना आरपीएमच्या काट्याकडे बघा. काटा थोडाही हलत नसेल, तर आधी क्रँक सेन्सरवर संशय घ्या. काटा हलतोय, डिझेल येतंय, तरी गाडी उठत नाही, तर कॅमकडे वळा. ही खूण प्रत्येक गाडीत लागू पडेलच असं नाही, पण रस्त्याच्या कडेला हातात काहीच नसताना तिचा उपयोग होतो.

घाट चढून वर आलो, चहाला थांबलो, आणि गाडी सुरूच होईना. अर्ध्या तासाने आपोआप झाली. असं का?

यवतेश्वरचा घाट चढून कासकडे जाणारे आणि पसरणी चढून पाचगणीला पोचणारे हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारतात, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

गाडी चालू असते तोवर रेडिएटरचं पाणी फिरत असतं, समोरून वारा लागत असतो. तुम्ही चढ संपवून इंजिन बंद केलं की दोन्ही थांबतं, पण तापलेल्या हेडमधली उष्णता तशीच राहते. त्यामुळे बंद केल्यानंतरची दहा-पंधरा मिनिटं बॉनेटखाली उलट जास्त तापतं. सेन्सर नेमका हेडवर बसलेला. त्याच्या आतल्या सर्किटमध्ये केसाएवढी फट असेल, तर तापून प्रसरण पावल्यावर ती उघडते आणि सिग्नल तुटतो. निवला की फट मिटते, गाडी सुरू होते, आणि तुम्ही गॅरेजला पोचेपर्यंत सगळं ठणठणीत.

म्हणून असा बिघाड थंड गाडीवर शोधायला गेलात तर सापडत नाही. मी अशी गाडी आली की आधी चांगली फिरवून तापवतो, मग मीटर लावतो. जागेवर हेअर ड्रायरने सेन्सर हळूहळू तापवून सिग्नल जातो का, तेही बघता येतं. उलट बाजूनेही खात्री होते: गाडी बंद पडलेली असताना सेन्सर बाहेरून गार केला आणि ती लगेच उठली, तर चोर बहुतेक सापडला. पण त्यासाठी तापलेल्या हेडवर बादलीभर पाणी ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो. सेन्सरच्या अंगावर ओला फडका धरला तरी पुरतं, तोही हात भाजणार नाही असा सांभाळून, आणि कपलरमध्ये (सेन्सरला वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये) पाणी जाऊ न देता.

हीच लक्षणं गरम झालेला क्रँक सेन्सरही दाखवतो. तेव्हा "गरम झाल्यावर बंद पडते" एवढ्यावरून कॅम सेन्सर मागवू नका.

स्कॅनरवर पी ०३४० आलाय. म्हणजे सेन्सर बदलायचा ना?

थांबा. पी ०३४० चा अर्थ "कॅम सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड" असा आहे. सर्किटमध्ये सेन्सर येतो, कपलर येतो, तिथून ईसीएमपर्यंतच्या वायरी येतात, अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हला जाणारी वायर, आम्ही तिला नुसतं 'अर्थ' म्हणतो) येतं आणि शेवटी ईसीएमसुद्धा येतं. यातलं काहीही तुटलं तरी कोड हाच पडतो.

शेजारचे कोड जास्त बोलके आहेत. पी ०३४१ म्हणजे सिग्नल येतोय, पण यायला हवा तसा नाही. इथे टायमिंगवर आणि सेन्सरसमोर फिरणाऱ्या, दात असलेल्या चकतीवरही (तिच्या दातांवरूनच सिग्नल बनतो) नजर टाकावी. पी ०३४२ म्हणजे सिग्नल खालीच बसलाय, पी ०३४३ म्हणजे वरच अडकलाय. या दोन्हींत वायर तुटणं किंवा शॉर्ट होणं जास्त संभवतं. पी ०३४४ म्हणजे सिग्नल अधूनमधून जातो. पी ०३३५ दिसला तर तो क्रँक सेन्सरचा, त्याची गल्लत करू नका. पी ००१६ म्हणजे कॅम आणि क्रँक यांचा एकमेकांशी मेळ नाही, त्याबद्दल वेगळा प्रश्न खाली आहे.

कोड पुसण्याआधी स्कॅनरमध्ये फ्रीझ फ्रेम बघायला सांगा. कोड पडला तेव्हा इंजिन किती तापलं होतं, आरपीएम किती होते, वेग किती होता, हे त्यात नोंदलेलं असतं. ९५ अंश तापमानाला पडलेला कोड आणि सकाळी पहिल्या सेल्फला पडलेला कोड यांचा शोध वेगवेगळ्या दिशेला जातो. अनेकजण आल्या आल्या कोड पुसतात आणि हा पुरावा हातचा घालवतात.

दोनदा सेन्सर बदलला, लाइट जातच नाही. आता काय?

आता सेन्सर सोडा आणि वायर धरा.

कोरेगावकडचे एक शिक्षक अशीच गाडी घेऊन आले होते. तीन सेन्सर बदलून झाले होते. दर वेळी चार-आठ दिवस बरे जायचे आणि पुन्हा तेच. मी कपलरपासून वायरिंग मोकळं करत गेलो, तर हेडच्या मागे एका पत्र्याच्या ब्रॅकेटच्या धारेवर सिग्नलची वायर घासून उघडी पडली होती. इंजिन हललं की ती पत्र्याला टेकायची. दर वेळी सेन्सर बदलताना वायरिंग जरा सरकायचं, म्हणून चार दिवस बरं वाटायचं. वायर जोडायला वीस मिनिटं लागली, शोधायला अडीच तास. माझ्याकडूनही सुरुवातीच्या काळात घाईत चांगला सेन्सर काढून टाकला गेला आहे. त्या गिऱ्हाइकाचे पैसे मी परत केले, पण त्या माणसाचा दिवस वाया गेला तो गेलाच. तेव्हापासून वायर तपासल्याशिवाय सेन्सरला पाना लावत नाही.

आपल्या भागात वायरीचा दुसरा शत्रू म्हणजे उंदीर. ऊसतोड सुरू झाली, फड मोकळे व्हायला लागले, की उंदीर वस्तीकडे सरकतात. रात्री उबदार इंजिन त्यांना आयतंच मिळतं. शेताकडेला, गोठ्याजवळ किंवा कडब्याच्या गंजीशेजारी गाडी लावत असाल, तर एअर फिल्टरचा डबा उघडून बघा. आत पाचट, कापूस, लेंड्या सापडल्या तर जवळपासची एकेक वायर हाताने चाचपून बघितलीच पाहिजे. वरचं आवरण शाबूत आणि आत तांबं कुरतडलेलं, असंही मी पाहिलं आहे.

तिसरं कारण तेल. टॅपेट कव्हरचं पॅकिंग किंवा सेन्सरची ओ-रिंग गळत असेल तर तेल ओघळून कपलरमध्ये उतरतं. कपलर काढल्यावर पिना तेलकट दिसल्या तर आधी गळती बंद करा, मग काँटॅक्ट क्लीनरच्या स्प्रेने पिना धुवा. नुसतं पुसून बसवलं तर महिन्याभरात पुन्हा तेच.

चौथं कारण पाऊस आणि सर्व्हिसिंगचा प्रेशर पंप. महाबळेश्वर, कास, ठोसेघरकडे पावसाळाभर फिरणाऱ्या गाड्यांच्या पिनांवर हिरवा गंज येतो. चिखल काढायला इंजिनवर थेट जोराचं पाणी मारलं तर रबराच्या सीलमधून ते कपलरमध्ये घुसतं. इंजिन धुवू नका असं म्हणत नाही, पण कपलरवर फवारा धरू नका.

तुटलेली वायर नुसती पिळून वर काळी टेप गुंडाळणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. सोल्डर करून त्यावर हीट श्रिंक नळी चढवा आणि जोड हलणार नाही असा बांधा. दोन वायरींच्या सेन्सरमध्ये त्या उलटसुलट जोडल्या तर सिग्नल उलटा होतो आणि ईसीएमला दाताची कड चुकीच्या जागी दिसते. तिथे रंग बघून मगच हात घाला.

माझ्याकडे मल्टिमीटर आहे. घरी तपासता येईल का?

येईल. घाई नको, आणि बल्बचा टेस्ट लॅम्प अजिबात नको. सेन्सरच्या लाइनवर बल्बचा करंट ओढला तर ईसीएमला इजा होऊ शकते.

सगळ्यात आधी बॅटरी. सेल्फ मारताना व्होल्टेज फार खाली येत असेल तर सेन्सरचे खोटे कोड पडू शकतात. बॅटरी चांगली आहे हे ठरलं की पुढे जा.

तीन वायरींचा सेन्सर असेल तर कपलर काढा, चावी ऑन करा (इंजिन सुरू करायचं नाही) आणि कपलरच्या वायरिंगकडच्या बाजूला मोजा. सप्लाय आणि अर्थ यांच्यामध्ये बहुतेक गाड्यांत ५ व्होल्ट मिळतात, काहींत बॅटरीएवढे १२. सिग्नलच्या वायरीवरही बऱ्याच गाड्यांत ईसीएमकडून आलेले साधारण ५ व्होल्ट दिसतात. आता कपलर परत जोडा, मागच्या बाजूने बारीक पिन सरकवून सिग्नलवर मीटर लावा. चावी ऑन ठेवून, गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला असताना, क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने, नेहमीच्या दिशेनेच, हळूहळू फिरवा. चकतीचा दात समोर आला-गेला की व्होल्टेज शून्याजवळ आणि वर असं उडी मारायला हवं. उडी मारतंय म्हणजे सेन्सर त्या क्षणी तरी जिवंत आहे. वायरीचं आवरण टोचून भोक पाडू नका, त्याच भोकातून पुढच्या पावसाळ्यात पाणी शिरतं.

अर्थ तपासताना मीटरची एक टोचणी सेन्सरच्या अर्थ वायरीवर आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवा आणि कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ कमकुवत आहे.

५ व्होल्ट मिळतच नाहीत? मग एक ध्यानात घ्या: अनेक गाड्यांत हे ५ व्होल्ट दोन-तीन सेन्सरना मिळून जातात. दुसराच एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला तर सगळ्यांचा सप्लाय खाली बसतो आणि एकदम चार कोड पडतात. अशा वेळी बाकीच्या सेन्सरचे कपलर एकेक करून काढत जा. ज्याचा कपलर काढल्यावर ५ व्होल्ट परत आले, तो दोषी.

दोन वायरींच्या सेन्सरला बाहेरून सप्लाय लागत नाही. त्याची गुंडाळी ओममध्ये मोजता येते, आकडा कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडायचा. सेल्फ मारताना त्याच्यावर थोडं एसी व्होल्टेजही दिसतं. हॉल सेन्सरला मात्र ओम लावून काहीच सिद्ध होत नाही.

हे सगळं चालू असताना वायरिंगला हाताने हळूच हलवत राहा. आकडा जिथे दचकला तिथे बिघाड. मीटरला न दिसणारे क्षणिक तुकडे ऑसिलोस्कोपवर दिसतात, आणि कॅम-क्रँकच्या लाटा एकाखाली एक लावून बघता येतात. ते साधन असलेला माणूस जवळ असेल तर त्याच्याकडे तासभर गाडी ठेवणं सेन्सरमागून सेन्सर घेण्यापेक्षा स्वस्त पडतं.

टायमिंग चेनमुळे हा कोड येऊ शकतो का?

हो, आणि इथे हयगय करू नका. क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवणारी चेन ताणली किंवा तिला घट्ट धरणारा टेन्शनर सैल झाला की कॅमशाफ्ट क्रँकच्या मागे पडतो. सेन्सर खरं तेच सांगत असतो, पण ईसीएमला तो मेळ पटत नाही. पी ००१६ किंवा पी ०३४१ आलाय आणि सकाळी पहिल्या सेल्फला काही क्षण साखळीसारखा खळखळाट ऐकू येतोय, तर गाडी बाजूला लावा आणि टायमिंग तपासून घ्या. ऑइल बदलायला वारंवार उशीर केलेल्या गाड्यांत हे लवकर होतं, कारण बऱ्याच इंजिनांचा टेन्शनर ऑइलच्या दाबावरच चालतो.

बेल्टवाल्या इंजिनांत, उदाहरणार्थ डस्टरच्या १.५ लिटर डिझेलमध्ये, बेल्टची मुदत पाळलीच पाहिजे. बेल्ट एखादा दात सरकला तर कोड येतो, तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि हेड उघडावं लागतं.

सेन्सर बाहेर काढल्यावर त्याच्या टोकाला लोखंडाचा बारीक कीस चिकटलेला दिसला तर तो पुसून लगेच परत बसवू नका. आत काहीतरी झिजतंय, ते आधी शोधा.

सेन्सर स्वतः बदलू शकतो का?

समोर दिसत असेल तर बदलू शकता. इंजिन निवू द्या. बॅटरीचा निगेटिव्ह काढा. कपलरची कुंडी दाबून सोडवा, वायर धरून ओढू नका, जुनं प्लास्टिक लगेच तुटतं. बोल्ट बहुतेक वेळा दहाच्या पान्याचा असतो. सेन्सर अडकला असेल तर हाताने डावीउजवीकडे फिरवत सैल करा. स्क्रूड्रायव्हरने उचकटलं आणि टोक तुटून आत पडलं, तर वीस मिनिटांचं काम दोन दिवसांवर जातं. जुनी ओ-रिंग आतच राहिलेली नाही ना, बघा. नव्या ओ-रिंगला इंजिन ऑइलचा हात लावा आणि सेन्सर दाबून पूर्ण बसवा. बोल्टने ओढून बसवायचा नाही. बोल्ट छोटा असतो, अंगाचा जोर लावलात तर ॲल्युमिनियमचे आटे निघतात.

नंतर कोड पुसा. काही गाड्यांना स्कॅनरवरून नवीन सेन्सरची ओळख करून द्यावी लागते, तेही विचारून घ्या. मग गाडी तापेपर्यंत फिरवा, वीस मिनिटं बंद ठेवा आणि पुन्हा सेल्फ मारा. गरम गाडीवर दोन-तीनदा उठली, की काम झालं म्हणा.

बाजारातला स्वस्त सेन्सर चालेल का?

मी बसवत नाही. बाहेरून तोच दिसतो, बसतोही तिथेच. पण आतलं चुंबक किंवा टोकाची लांबी जराशी वेगळी असली तरी चकतीपासूनचं अंतर बदलतं आणि सिग्नल कमकुवत होतो. थंड असताना चालतो, गरम झाला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. जुन्या सेन्सरवर कोरलेला पार्ट नंबर जुळवून ओरिजनलच घ्या आणि जुना सेन्सर परत मागून घ्या.

सीएनजी किट बसवल्यापासून लाइट लागतोय. संबंध असेल का?

बाहेरून बसवलेल्या किटमध्ये असतो. काही किटबरोबर टायमिंग पुढे सरकवणारा छोटा डबा येतो, तो क्रँक किंवा कॅम सेन्सरची वायर मध्येच कापून जोडलेला असतो. हे जोड सैल पडले की कोड येतो. तो डबा काढून मूळ वायर सरळ जोडून बघा. लाइट गेला तर सेन्सरवर खर्च करायची गरजच उरत नाही. रिमोट लॉक, सायरन अशा बाहेरच्या वायरिंगबाबतही हीच तपासणी करा.

पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी आहे. तेव्हा ठीक होती, आता कोड यायला लागलेत.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये कृष्णा-कोयनेचं पाणी कराडपासून सांगलीपर्यंत शिरलं होतं. तशा पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांत पिनांचा गंज हळूहळू वाढतो आणि महिन्यांनी, वर्षांनी डोकं वर काढतो. एकट्या कॅम सेन्सरचा कपलर साफ करून भागत नाही. ईसीएमचा मोठा कपलर आणि सगळे अर्थ पॉइंट उघडून बघावे लागतात. जुनी गाडी घेताना ती कुठल्या गावात, नदीपासून किती लांब उभी असायची, हे विचारायला संकोच करू नका.

लाइट लागलाय, पण गाडी चालतेय. पुण्याला जाऊन येऊ का?

नको. लाइट स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल तर जवळच्या गॅरेजपर्यंत हळू न्या. लाइट लुकलुकत असेल तर इंजिन मिसिंग मारतंय, न जळलेलं इंधन सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला जाळतं. तेव्हा गाडी थांबवा.

खरी भीती घाटाची आहे. खंबाटकीच्या वळणावर मागे भरलेला ट्रक असताना इंजिन बंद पडलं, तर पॉवर स्टेअरिंग जड होतं आणि ब्रेकला मिळणारी मदत एक-दोनदा पाय दाबेपर्यंतच टिकते. असं झालंच तर ब्रेक सोडून-सोडून मारू नका. एकदाच जोरात, धरून दाबा, इंडिकेटर चारही लावा आणि गाडी डावीकडे घ्या. चावी बंद करून काढू नका, स्टेअरिंग लॉक होईल. रात्री कुटुंबासह निघणार असाल तर टोचन करून आणलेली परवडली.

गॅरेजमध्ये गेल्यावर काय विचारू, म्हणजे उगाच खर्च होणार नाही?

तीनच गोष्टी. कोड कुठला, तो लिहून द्या. सेन्सरपर्यंत ५ व्होल्ट आणि अर्थ येतोय का, ते माझ्यासमोर मोजा. आणि गाडी गरम करून तपासली का? नीट काम करणारा मेकॅनिक या प्रश्नांनी चिडत नाही, उलट मीटर तुमच्या हातात देतो. तपासणीचे वेगळे पैसे मागितले तर ते द्या, त्यात त्याचा वेळ आणि डोकं गेलेलं असतं. आणि गाडी वॉरंटीत असेल तर यातलं काहीही स्वतः करू नका. कापलेली वायर दिसली तर वॉरंटी नाकारली जाऊ शकते.